वाचकांचे प्रश्न : एअरसॉफ्टची सबमशीन गन कोणत्या कंपनीची घ्यावी?

एअरसॉफ्टच्या खेळातील सबमशीन गनच्या प्रतिकृतींविषयी, म्हणजे ६ मिलिमीटर व्यासाच्या प्लास्टिकच्या गोळ्या हवेच्या किंवा वायूच्या दाबाने फेकणाऱ्या खेळातल्या बंदुकांविषयी, या सदराकडे बरीच पत्रे आली आहेत. त्यांतील पाच प्रश्न या वेळी घेतले आहेत. पहिल्या प्रश्नाचे उत्तर मुद्दाम सविस्तर दिले आहे, कारण बाकीच्या बहुतेक शंकांचे मूळ त्याच प्रश्नात आहे.

प्रश्न : आमचा गट प्रामुख्याने बंदिस्त जागेत आणि कधीमधी झाडीत खेळतो. मला एमपी५ या जर्मन सबमशीन गनची विजेवर चालणारी प्रतिकृती घ्यायची आहे. टोकियो मारुई, सायमा आणि व्हीएफसी या तीन कंपन्यांपैकी सायमाच्या माहितीपत्रकात गोळीचा वेग सर्वांत जास्त दिला आहे आणि मारुईचा सर्वांत कमी. असे असूनही अनुभवी खेळाडू मारुईचेच नाव घेतात, याचे कारण काय? शिवाय मारुईचे अंग प्लास्टिकचे आणि सायमाचे धातूचे, यानेही मी गोंधळलो आहे.

उत्तर : आपल्या प्रश्नातला वेगाचा मुद्दा आधी घेतो, कारण खरेदीत चूक होते ती बहुधा तिथेच. टोकियो मारुई ही जपानी कंपनी आपल्या देशातील बाजारासाठी माल बनवते आणि २००६ साली जपानच्या कायद्यात झालेल्या बदलानंतर तिथे ६ मिलिमीटरच्या गोळीची ऊर्जा सुमारे ०.९८ ज्यूलच्या खाली ठेवावी लागते. ०.२० ग्रॅमची गोळी सेकंदाला १०० मीटर वेगाने सुटली की तिची ऊर्जा बरोबर १ ज्यूल होते. मारुईच्या बंदुका या मर्यादेच्याही बऱ्याच आत राहतात. म्हणजे माहितीपत्रकातला कमी आकडा हा कारागिरीतला कमीपणा नव्हे. ज्या बाजारासाठी वस्तू बनली, त्या बाजाराची ती अट आहे.

आता गोळी लांब आणि सरळ कशाने जाते ते पाहू. नळीच्या मागच्या टोकाला रबराची एक छोटी नळकांडी असते आणि तिच्यावरच्या उंचवट्याने गोळीचा माथा किंचित दाबला जातो. त्यामुळे गोळी स्वतःभोवती उलटी फिरत बाहेर पडते आणि या फिरकीमुळे हवाच तिला वर उचलून धरते. या व्यवस्थेला हॉप-अप म्हणतात. फिरकी प्रत्येक गोळीला सारखी मिळाली तर कमी ऊर्जेची गोळीही दूरपर्यंत सपाट जाते. ती कमीजास्त मिळाली तर जादा वेगाचा उपयोग एवढाच, की चुकलेली गोळी आणखी लांब जाऊन चुकते. मारुईचा लौकिक आहे तो या रबराच्या, त्याच्या खोबणीच्या आणि आतल्या नळीच्या नेमकेपणाचा. डबा उघडून, काहीही न बदलता मैदानात उतरता येते, आणि नवख्या खेळाडूसाठी ही फार मोठी गोष्ट आहे, असे मी मानतो.

सायमा ही चिनी कंपनी आहे. तिच्या एमपी५च्या दोन ओळी वेगळ्या ओळखायला हव्यात : सीएम.०२७ या क्रमांकाची प्लास्टिक अंगाची आणि सीएम.०४१ या क्रमांकाची धातूच्या अंगाची. दुसरी हातात घेतली की तिचा भरीवपणा पटतो, आणि किमतीच्या मानाने इतके धातूकाम क्वचितच मिळते. तिची उणीव बाहेरून दिसत नाही. गिअरच्या आसांवर घालायच्या पातळ चकत्या कधी नीट बसवलेल्या असतात, कधी नसतात. वंगण कुठे जास्त तर कुठे कोरडे असते. हॉप-अपचे रबर कडक निघू शकते. एकाच क्रमांकाच्या दोन बंदुका वेगवेगळ्या वागतात, हीच या कंपनीविषयीची खरी तक्रार आहे. मात्र ती दूर करता येण्यासारखी आहे. रबर बदलणे, चकत्या पुन्हा लावणे आणि जुने वंगण पुसून नवे लावणे एवढ्यावर सायमाची एमपी५ पुष्कळ वरच्या पंगतीत जाऊन बसते. पण त्यासाठी गिअरबॉक्स, म्हणजे मोटरच्या जोरावर पिस्टन मागे ओढून सिलिंडरमधली हवा दाबणारी गिअरांची पेटी, उघडण्याची आपली किंवा आपल्या ओळखीच्या कुणाची तयारी हवी.

व्हीएफसी ही तैवानची कंपनी जर्मनीच्या उमारेक्ससाठी एमपी५ बनवते आणि मूळ शस्त्राचा निर्माता हेकलर अँड कॉख याचा परवाना उमारेक्सकडे आहे. त्यामुळे अंगावरच्या खुणा, रंग, जोडांची सफाई आणि मोजमापे या बाबतीत ती मूळ शस्त्राच्या सर्वांत जवळ जाते. पश्चिम जर्मनीच्या पोलिसांनी १९६६ साली स्वीकारलेल्या त्या शस्त्राच्या रूपावर ज्यांचा जीव जडला आहे, त्यांना दुसऱ्या कोणत्याही प्रतिकृतीने समाधान मिळणार नाही, आणि ते मी समजू शकतो. तैवानच्याच आयसीएस आणि जी अँड जी, तसेच हाँगकाँगची क्लासिक आर्मी याही कंपन्यांच्या एमपी५ घडणीच्या बंदुका आहेत. गुणांच्या दृष्टीने त्या या तिघांच्या अधल्यामधल्या जागी येतात.

प्लास्टिक की धातू, याचे उत्तर आपण किती वेळ बंदूक हातात धरणार यावर ठरवावे. बंदिस्त जागेत आपण तासन्‌तास बंदूक खांद्याला लावून कोपऱ्याकोपऱ्याने पुढे सरकत असता. तिथे हलके अंग थकवा वाचवते. पडझडीला धातूचे अंग सरस ठरते, यात शंका नाही. पण गोळी कुठे लागणार याच्याशी बाहेरच्या अंगाचा संबंध जवळजवळ नसतो.

विकत घेण्यापूर्वी दुकानातच एक गोष्ट करून पाहावी. बहुतेक एमपी५ प्रतिकृतींत नळीच्या वर डाव्या बाजूला असलेली खिट्टी मागे ओढली की उजवीकडच्या खिडकीतली खोटी बोल्टपट्टी सरकते आणि तिच्यामागे हॉप-अपची चकती किंवा लहानशी दांडी दिसते. ती बोटाने हलवावी. ती किंचित अडत, घट्टपणे सरकली पाहिजे. सैल असेल तर बंदुकीच्या थरथरीने खेळता खेळता ती जागा सोडते आणि आपण सकाळी लावलेली फिरकी दुपारपर्यंत टिकत नाही. खेळताना ही दांडी शून्यावर ठेवून सुरुवात करावी आणि गोळी बराच वेळ सपाट जाऊन शेवटी अगदी थोडी वर उचलली जाईल इतकीच वाढवावी. ०.२० ग्रॅमऐवजी ०.२५ ग्रॅमची गोळी वापरली तर तीच बंदूक बहुधा अधिक शांतपणे नेम धरते.

शेवटचा मुद्दा मॅगझीनचा, म्हणजे गोळ्या भरून बंदुकीत बसवायच्या डबीचा, आणि माझ्या लेखी तोच निर्णायक आहे. मारुईने घालून दिलेली एमपी५च्या मॅगझीनची ठेवण इतर बहुतेक कंपन्यांनी उचलली, त्यामुळे एका कंपनीची मॅगझीन दुसरीच्या बंदुकीत पुष्कळदा चालते. आपल्या गटात आणखी कुणाकडे एमपी५ असेल तर ऐन खेळात मॅगझीनची देवाणघेवाण करता येते. मारुईच्याच नव्या, धक्का देणाऱ्या यंत्रणेच्या मालिकेतली एमपी५ मात्र याला अपवाद आहे. गोळ्या संपल्या की ती थांबते, ही तिची मोठी खुबी, पण तिला स्वतःचीच मॅगझीन लागते. आपण बहुतांशी आतच खेळता आणि दुरुस्तीचा उल्लेख आपल्या पत्रात नाही, म्हणून आपल्यासाठी माझा कौल मारुईच्या साध्या मालिकेला आहे. गटात यंत्रकामाची आवड असलेला कुणी सोबती असेल, तर सायमाची सीएम.०४१ घेऊन वाचलेल्या पैशांत जादा मॅगझीन घ्यावीत.

प्रश्न : एमपी५चा कंटाळा आल्याने काही आधुनिक हवे आहे. क्रायटॅकची क्रिस व्हेक्टर, एएसजीची स्कॉर्पियन इव्हो ३ ए१ आणि जी अँड जीची एआरपी९ या तिन्ही आखूड बंदुकांमध्ये नेमका फरक काय? नळी एवढी आखूड असल्याने पल्ला कमी पडेल का?

उत्तर : पल्ल्याची काळजी सोडावी. वर लिहिल्याप्रमाणे पल्ला फिरकीवर ठरतो, आणि फिरकी नळीच्या अगदी सुरुवातीलाच मिळते. नळीच्या लांबीला फक्त सिलिंडरमधल्या हवेशी जुळायचे असते. आखूड नळीला कमी हवा पुरते आणि चांगले निर्माते सिलिंडरला भोक ठेवून ती आधीच मापात आणतात. आखूड नळीच्या जागी लांब नळी घालून सिलिंडर तोच ठेवला, तर हवा मधेच संपते आणि बंदूक सुधारण्याऐवजी बिघडते.

या तिघींमधला फरक आतल्या यंत्रणेच्या घराण्याचा आहे. एमपी५, एम४ आणि एआरपी९ यांच्या पोटात मारुईच्या दुसऱ्या आवृत्तीच्या मापाचा गिअरबॉक्स असतो, ज्याला खेळाडू ‘व्ही२’ म्हणतात. छोट्या एमपी५केमध्ये तिसऱ्या आवृत्तीचा बसतो आणि पी९०मध्ये सहाव्या. व्ही२चा पिस्टन, स्प्रिंग, गिअर, मोटर असे भाग अनेक कंपन्या बनवतात, त्यामुळे एआरपी९चे काही तुटले तरी अडून बसावे लागत नाही. तिच्यात इलेक्ट्रॉनिक चाप आहे, वजन कमी आहे आणि बंदिस्त जागेत ती हाताला चटकन वळते. उणीव एवढीच की तिची मॅगझीन तिची स्वतःचीच आहे आणि साधी मॅगझीन ६० गोळ्यांची असल्याने ती लवकर रिकामी होते.

स्कॉर्पियन इव्हो ही डेन्मार्कच्या एएसजीने मूळ शस्त्राच्या चेक निर्मात्याच्या परवान्याने आणलेली बंदूक आहे. चाप हलका आणि नेमका लागतो, एका ओढीत तीन गोळ्यांचा झटका देता येतो आणि मॅगझीन संपली की बोल्ट मागे अडकून गोळीबार थांबतो. हे शेवटचे वैशिष्ट्य मला विशेष महत्त्वाचे वाटते, कारण त्यामुळे खेळाडू आपल्या गोळ्यांचा हिशेब ठेवायला शिकतो. तिचा गिअरबॉक्स मात्र तिच्याच मापाचा आहे. व्हेक्टरचेही तसेच : क्रायटॅक ही मूळ व्हेक्टर बनवणाऱ्या क्रिसच्याच घरातली असल्याने बाह्यरूप निर्दोष आहे, दोन गोळ्यांचा झटकाही मूळ शस्त्रासारखा आहे, पण अनेक अंतर्भाग दुसऱ्या कोणत्याही बंदुकीत सापडत नाहीत. या दोघींपैकी एक घेताना तिचे सुटे भाग आपल्याला मिळतील कुठून, याचे उत्तर आधी हातात ठेवावे. ते नसेल तर एआरपी९ घ्यावी. ते असेल तर माझा कल स्कॉर्पियनकडे आहे.

प्रश्न : वायूवर चालणाऱ्या एमपी७ या छोट्या सबमशीन गनचा धक्का आणि आवाज मला फार आवडला. मारुई, केडब्ल्यूए आणि व्हीएफसी यांपैकी कोणती घ्यावी? आमचे काही खेळ थंडीत होतात.

उत्तर : थंडीत खेळायचे असेल तर आधी वायूचा स्वभाव समजून घ्यावा. ‘ग्रीन गॅस’ म्हणून मिळणारा वायू म्हणजे मुख्यत्वे प्रोपेन आणि त्यात मिसळलेले थोडे सिलिकॉनचे तेल. २० अंश सेल्सियसला प्रोपेनचा दाब सुमारे ८.४ बार असतो आणि शून्य अंशाला तो ४.७ बारच्या आसपास उतरतो. त्यात भर म्हणजे प्रत्येक गोळीबरोबर मॅगझीनमधला द्रव वायू होताना उष्णता शोषतो. सलग गोळीबारात मॅगझीन हाताला गार लागते ती त्यामुळेच, आणि शेवटच्या गोळ्या दमलेल्या निघतात. विजेच्या बंदुकीला हा त्रास जवळजवळ नाही.

मारुईची वायूची एमपी७ जपानमध्ये वापरल्या जाणाऱ्या १३४ए या वायूसाठी रचलेली आहे. त्याचा दाब २० अंशाला साधारण ५.७ बारच असतो, म्हणून तिचे भाग हलके आणि हॉप-अप उत्कृष्ट असते. प्रोपेनवर ती चालवली तर भागांची झीज वाढते. केडब्ल्यूए ही तैवानची कंपनी आणि तिचे भाग जास्त दाब गृहीत धरून केलेले असतात. त्यामुळे उन्हाळ्यात प्रोपेनवर बिनधास्त खेळणाऱ्यासाठी ती योग्य. व्हीएफसीने उमारेक्ससाठी केलेली एमपी७ दिसण्यात आणि खुणांत वरचढ आहे. आपण थंडीत खेळत असल्याने माझे मत असे की एमपी७ घ्यावीच, पण ती एकटी नको. थंडीच्या दिवसांसाठी विजेवर चालणारी एखादी बंदूक सोबत असावी. मारुईची एमपी७ विजेवरही मिळते, मात्र तिची यंत्रणा लहान पिस्तुलाच्या मापाची असल्याने तिच्याकडून मोठ्या बंदुकीच्या जोराची अपेक्षा ठेवू नये.

वायूच्या मॅगझीन पूर्ण रिकाम्या करून ठेवू नयेत. आत थोडा दाब राहिला तर रबरी कड्या जागेवर बसून राहतात आणि पुढच्या वेळी झडपेतून गळती होत नाही.

प्रश्न : आमच्या मैदानावर १ ज्यूलची मर्यादा आहे आणि विक्रेता सांगतो की सेकंदाला ४०० फूट वेगाची बंदूक चालेल. हे बरोबर आहे का?

उत्तर : बरोबर नाही. सेकंदाला ४०० फूट म्हणजे सुमारे १२२ मीटर, ०.२० ग्रॅमच्या गोळीसाठी ही ऊर्जा जवळपास १.४९ ज्यूल होते. आपली मर्यादा त्याच गोळीने सेकंदाला ३२८ फुटांवर संपते, आणि ०.२५ ग्रॅमच्या गोळीने साधारण २९३ फुटांवर. म्हणून विक्रेत्याने वेग सांगितला की गोळीचे वजन कोणते, हा पुढचा प्रश्न विचारलाच पाहिजे. वायूच्या बंदुकांत आणखी एक बारकावा आहे : जड गोळी नळीत किंचित जास्त वेळ थांबते, तिच्यामागे जास्त वायू काम करतो आणि ऊर्जा वाढते. त्यामुळे अशा बंदुकीची मोजणी आपण खेळात वापरणार त्याच गोळीने करावी.

मर्यादा देशादेशांत बदलतात. ब्रिटनमध्ये सलग गोळीबार करणाऱ्या बंदुकीला १.३ ज्यूलची कमाल मर्यादा आहे, जर्मनीत अशा बंदुकीला ०.५ ज्यूलच चालते, अमेरिकेत नव्या प्रतिकृतीच्या नळीचे टोक नारिंगी असावे लागते, आणि काही ठिकाणी अशा प्रतिकृती बाळगण्यावरच निर्बंध आहेत. एकाच कंपनीची एकच बंदूक निरनिराळ्या देशांत निरनिराळ्या स्प्रिंगसह विकली जाते ती यामुळेच, म्हणून ऑर्डर देण्यापूर्वी आपल्या राहत्या ठिकाणचा नियम वाचावा. एमपी५ किंवा एमपी७ची प्रतिकृती दुरून खऱ्या शस्त्राहून वेगळी ओळखता येत नाही; मैदानापर्यंत ती बंद पिशवीतच न्यावी आणि रस्त्यात, गाडीत किंवा गच्चीवर कधीही बाहेर काढू नये. डोळ्यांवर धक्क्याच्या चाचणीत प्रमाणित झालेला बंद गॉगल हवा, आणि तो बंदुकीच्या आधी घ्यावा. या बाबतीत मी कोणतीही सवलत द्यायला तयार नाही.

प्रश्न : ७.४ व्होल्टची बॅटरी घ्यावी की ११.१ व्होल्टची? आणि वापरलेली एमपी५ मिळत असेल तर ती घेताना काय तपासावे?

उत्तर : बदल न केलेल्या बंदुकीला ७.४ व्होल्टची लिथियम पॉलिमर बॅटरी पुरते. ११.१ व्होल्टने दोन गोळ्यांमधला वेळ कमी होतो, चापही चपळ लागतो, पण साध्या तांब्याच्या संपर्कपट्ट्या ठिणग्यांनी जळू लागतात आणि पिस्टनच्या दात्यांवर ताण येतो. निर्मात्याने मॉसफेट, म्हणजे संपर्कपट्ट्यांवरचा विजेचा भार कमी करणारा इलेक्ट्रॉनिक स्विच, बसवलेले असेल आणि ११.१ व्होल्ट चालतील असे लिहिले असेल तरच ती वापरावी. बॅटरी घेण्याआधी तिची जागा मोजावी. एमपी५च्या पुढच्या अरुंद मुठीत मोजकेच आकार बसतात, रुंद मूठ असेल तर निवड मोठी होते. ठेवताना प्रत्येक सेलचा विद्युतदाब ३.८ व्होल्टच्या आसपास ठेवावा आणि तो ३ व्होल्टच्या खाली कधीच जाऊ देऊ नये.

वापरलेल्या बंदुकीत बाहेरच्या ओरखड्यांकडे दुर्लक्ष करावे. एकेरी गोळीवर चाप ओढून दहा गोळ्यांचा वेग मोजावा. दोन-तीन मीटरचा फरक चालतो, त्याहून बराच जास्त फरक असेल तर हवा गळते आहे असे समजावे. गिअरचा आवाज एकसारखा हवा. किंचाळल्यासारखा सूर आला तर चकत्या किंवा मोटरची उंची चुकली आहे. व्ही२ गिअरबॉक्सची नाजूक जागा म्हणजे पुढचा भाग, जिथे सिलिंडरची खिडकी असते. मालकाने जोरदार स्प्रिंग घातली होती का, हे सरळ विचारावे, आणि उत्तर होकारार्थी असेल तर तो भाग उघडून तडा गेलेला नाही हे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत. सोबत येणारी प्रत्येक मॅगझीन बंदुकीत घालून पूर्ण रिकामी होईपर्यंत चालवावी. जी मधेच अडेल ती किमतीत धरू नये.